शालिकरामची वाकडी मांडणी

जऊळक्याच्या टेशनावरून गावाकडं वळलं की उजव्या अंगाला मेथीचे, पालकाचे आणि सांभाराचे वाफे लागतात. सांभार म्हणजे शहरवाल्यांची कोथिंबीर. वाफ्यात पाणी सोडलेलं आहे, मोटर चालू आहे आणि माणूस मात्र कुठं दिसत नाही, असं असलं की खुशाल समजावं, वाफ्याचा मालक शालिकराम कुणाच्या तरी न्हाणीत साप धरायला गेला आहे. पाणी वाफा फोडून रस्त्यावर येतं. रस्त्यानं जाणारा एखादा भला माणूस शिव्या देत मोटर बंद करतो. आणि शालिकराम परत आला की कंबरेवर हात ठेवून म्हणतो, "पाय बरं, आपोआप बंद झाली. मालकापक्षा मोटरच हुशार हाय."

असा हा माणूस. भाजीवाला अर्धा आणि सर्पमित्र दीड. सर्पमित्र हा शब्द वनखात्याच्या लोकांचा. गाव त्याला सापवालाच म्हणतं. तो स्वतः तर तेवढाही मान घेत नाही. "मित्र कायचा बाप्पा?" तो म्हणतो. "सापाले कोनी इचारलं का, का हा बयताड तुले मित्र म्हून चालते का?" साप धरायचा, जखमी असला तर दोन-चार दिवस सांभाळायचा, वनखात्याच्या माणसाला कळवायचं आणि त्याच्या देखत जंगलात सोडायचा, एवढं त्याचं काम. मिळकत म्हणजे कपभर चहा, आणि तोही साप घराबाहेर नेऊन ठेवल्यावरच मिळतो.

त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाळल्या शेंगेसारखं आत वळलेलं आहे. एका साली पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात त्याला घोणस डसली. "घोणशीची काही चूक नोयती," शालिकराम ही गोष्ट हसत हसत सांगतो. "मी एका हातात तिले धरलं आन दुसऱ्या हातानं मोबाईलवर आमचा दोघायचा फोटो काढून राह्यलो होतो. तिले फोटो पसंद नाही पडला." ऐकणारे पोट धरून हसतात. हसत नाही ती एकटी तुळसाबाई, त्याची बायको. तो दवाखान्यात पडून होता ते सगळे दिवस तिनं तिथल्या ओसरीत फरशीवर बसून काढले होते. ही गोष्ट सुरू झाली की ती उठून आत जाते.

तर या तुळसाबाईच्या घरात साप कुठं राहत? तर जिथं जागा सापडेल तिथं. लोणच्याच्या बरणीत कवड्या जातीचा साप, रव्याच्या डब्यात तस्कर जातीचा, आणि मोठा साप असला तर उशीच्या खोळीत. खोळीचं तोंड सुतळीनं बांधायचं आणि खुंटीला टांगून द्यायची. खोळीत साप शांत बसतो, हे शालिकरामला पक्कं ठाऊक. पण खोळ धुवायचीही असते, हे काही त्याला ठाऊक नव्हतं.

आखाडातल्या एका सकाळी तुळसाबाईनं घरातले मळके कपडे गोळा केले. खुंटीवरची खोळही ओढली, सुतळी सोडली आणि सगळं बादलीत बुचकळलं. मग काय व्हायचं ते झालं. साबणाच्या फेसातून एक धामण हातभर वर आली आणि तिनं तुळसाबाईकडं पाहिलं. तुळसाबाई धुण्याच्या दगडावर चढली. ती ओरडली नाही, आणि शालिकराम पुढं सांगायचा की तिथंच त्यानं ओळखायला हवं होतं. बायको ओरडली तर बरं असतं.

"अंजूचे बाबा," ती दगडावरूनच म्हणाली, "आता या घरात एक त साप राहीन, नाही त मी राहीन. बोला."

शालिकरामनं उत्तर द्यायला जरा उशीर केला. बिचारा त्या वेळी धामण बादलीमागून कुठं सटकली ते पाहत होता. पण बायकोनं असा सवाल टाकल्यावर नवरा इकडंतिकडं पाहायला लागला, तर त्याचा अर्थ काय निघतो, हे सांगायला पंडित लागत नाही. धामण सापडेपर्यंत तुळसाबाईची पिशवी भरून झाली होती.

पंचमीला लेकी माहेरी जातातच. तुळसाबाई औंदा जरा लवकर गेली, इतकंच गावाला सांगण्यात आलं. मानोऱ्याकडं तिच्या भावाचं, पुंजाजीचं घर. तिथून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. जे काय बोलायचं ते कारंज्याला दिलेल्या लेकीच्या, अंजूच्या मार्फत.

"बाबा, माय म्हणते," अंजूनं फोनवर सांगितलं, "का सापायची सोय घराच्या बाहेर पायजे. बंदोबस्ताची पायजे. घरातलं एकही भांडं, एकही खोळ त्यायच्यासाठी वापरायची नाही. पंचमीच्या दिवशी ते वारूळ पुजून दुपारच्या येष्टीनं येईन आन स्वतः पाहीन. पसंद पडलं त राहीन, नाही त संध्याकाळच्या येष्टीनं वापस."

"वापस म्हंजे किती दिवसासाठी?"

"ते नाही म्हणलं तिनं," अंजू म्हणाली. "बाबा, या खेपी मजाक नोका करू."

शालिकरामनं मजाक केली नाही. घरात आता मजाक ऐकायलाच कुणी नव्हतं. त्याच्या एक ध्यानात आलं की आजवर तो जे काय गमतीचं बोलायचा, ते आतल्या खोलीतून येणाऱ्या 'हं, पुरे आता'साठी बोलायचा. भाकरीचा त्यानं नाद सोडला, कारण त्याची भाकरी तव्यावरून उतरायला तयार नसायची. खिचडीवर दिवस काढले. त्याला अजिबात करमेना. एकदा कांदा चिरता चिरता तो रडला, आणि कांदा चिरून झाला तरी रडतच राहिला.

मग त्यानं मांडणी करायचं ठरवलं.

मोबाईलवर त्यानं परदेशातल्या एका माणसाची मांडणी पाहिली होती. आपल्या घरात भांड्यांची असते तशीच, पण भांड्यांच्या जागी प्लास्टिकचे चपटे टब, आणि एकेका टबात एकेक साप. टबाला झाकण नाहीच. वरची फळी हेच खालच्या टबाचं झाकण. टब ड्रॉवरसारखा सरकवला की बंद, ओढला की उघडा. फक्त टबाची कड आणि वरची फळी यांच्यात फट राहू द्यायची नाही. "हात्तिच्या!" शालिकराम म्हणाला. "याच्यात काय हाय?" माणूस 'याच्यात काय हाय' म्हणाला की त्याच्यात जे असतं ते सगळं पुढं निघतंच.

शेजारी देवमन सुतार राहतो. वखर, तिफन, दारं, खिडक्या, सगळं त्याच्या हातचं. कुंपणावरून वाकून तो म्हणाला, "शालिकभाऊ, दोन दिवसात करून देतो. नाही त निदान माया टेप त घेऊन जा."

"राहू दे रे," शालिकराम म्हणाला. "हे मी स्वतःच्या हातानं करीन. तिले बी समजलं पायजे, का बुवानं मेहनत केली."

"मेहनत करा नं, पन मोजून करा."

"आपला हात जगन्नाथ!" शालिकराम म्हणाला आणि कामाला लागला.

घरामागं टिनाची छपरी होती, तिच्यात बापजाद्याची मोडकी बंडी पडली होती. त्या बैलगाडीच्या फळ्या त्यानं सुट्या केल्या. सागाच्या फळ्या, दोन पिढ्यांचा कडबा-कापूस वाहून गुळगुळीत झालेल्या. जुन्या खाटेचे गात, म्हणजे बाजूचे दांडे, काढून त्यांचे खांब केले. कारंज्याच्या बाजारातून चादरी ठेवायचे तीन टब आणले. टबाची उंची उजव्या हातानं मोजली: बरोबर एक वीत. वा! देवानंच माप धाडलं. मग छपरीत भिंतीला लागून खांब उभे केले, त्यांच्या मधोमध तो स्वतः उभा राहिला आणि एकाच वेळी दोन्ही हातांनी मोजत गेला. उजव्या खांबावर उजवी वीत, डाव्या खांबावर डावी वीत, मग खुणा. मग वर आणखी एक वीत, पुन्हा खुणा. देवानं दोन हात दिले आहेत तर दोन्ही वापरावेत, असं त्याचं म्हणणं. अर्धा वेळ वाचला म्हणून तो स्वतःवर इतका खूश झाला की मधेच बसून त्यानं चहा करून घेतला.

संध्याकाळी फळ्या ठोकून झाल्या. शालिकराम दहा पावलं मागं गेला आणि त्यानं आपली कारागिरी पाहिली.

सगळ्यात खालची फळी सरळ होती. तिच्या वरची जराशी कलली होती. तिच्या वरची चांगलीच कलली होती. आणि सगळ्यात वरच्या फळीवर त्यानं पाण्याची वाटी ठेवली, ती त्याच्या डोळ्यांदेखत चालत चालत उजव्या टोकाला गेली आणि खाली पडली.

"जमीनच वाकडी हाय," शालिकराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं डाव्या खांबाखालची जमीन उकरली. आता वरची फळी सरळ झाली, आणि खालची, जी एकटीच धड होती, ती डावीकडं कलली. मग त्यानं जमीन पुन्हा भरली आणि उजवीकडं विटा घातल्या. मग विटा काढल्या. मग त्याला वाटलं, सागाची फळी आखाडात फुगली असावी. मग वाटलं, बंडीच मुळात वाकडी असणार, बाप म्हणायचाच की बैल एका अंगाला ओढतात. सरतेशेवटी तो मान वाकडी करून मांडणीकडं पाहायला लागला, आणि तशी ती बरीच सरळ दिसायची.

कुंपणापलीकडून देवमन हे सगळं पाहत होता. "शालिकभाऊ," तो म्हणाला, "नाचता येईना त अंगन वाकडं, आयकलं होतं. तुमी त अंगन उकरूनच पाह्यलं."

शालिकरामला राग यायला पाहिजे होता, पण त्याला हसूच आलं. हसता हसता त्याला कळलं की हे ऐकून आतून कुणी हसलं नाही. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि बराच वेळ छपरीतच बसून राहिला.

कल काढायचा नाद त्यानं शेवटी सोडून दिला. कललेली असेना का, बंद झाली म्हणजे पुरे. पण ती बंदही होईना. टब उजवीकडं घट्ट बसायचा आणि डावीकडं दोन बोटं फट राहायची. प्रत्येक खणाला डावीकडं तेवढीच दोन बोटं. समोरून त्यानं आडव्या पट्ट्या ठोकल्या, मागं घराची भिंत होतीच. राहिली डावी बाजू. तिच्यासाठी त्यानं तीन लांब पट्ट्या करवतून तयार ठेवल्या. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी वरच्या दोन ठोकून झाल्या. तिसरी, सगळ्यात खालच्या खणाची, हातात घेतली आणि तेवढ्यात फोन आला.

वावराला लावलेल्या नायलॉनच्या जाळीत एक मोठी धामण अडकली होती. सुटायच्या धडपडीत जाळीनं तिचं अंग कापलं होतं. शालिकराम धावत गेला. मोटर अर्थातच चालू राहिली. एकेक फास कापून तिला मोकळी करेपर्यंत दिवस मावळला. जखमांना औषध लावलं, वनखात्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, बरी होईस्तोवर राहू द्या तुमच्याकडं. शालिकरामनं धामण सगळ्यात खालच्या टबात ठेवली, टब सरकवला, फटीत बारदाना कोंबला. दिवसभराच्या ताणानं धामणही गपगार पडली होती. पट्टी सकाळी ठोकू म्हणून तो झोपायला गेला.

सकाळी तो हातोडा घेऊन छपरीत आला, दोन खिळे दातात धरले, पट्टी लावली, हात उचलला, आणि हात वरच राहिला.

आज पंचमी!

नागपंचमीच्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, वखर-नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, खिळा ठोकायचा नाही. नागाला लागतं. आता हे शालिकराम मानत होता का? मुळीच नाही. उलट शाळाशाळांतून तोच सांगत फिरायचा, "पोट्टेहो, सापाले दूध पचत नाही, साप डूख धरत नाही, आन पंचमीले खिळा ठोकल्यानं कोन्या नागाले लागत नाही." पण लग्न झाल्यापासून या घरात पंचमीच्या दिवशी खिळ्यावर हातोडा पडला नव्हता. एका पंचमीला त्यानं चपलेचा अंगठा ठोकायला घेतला, तर तुळसाबाईनं चप्पलच उचलून छपरावर भिरकावली होती.

आता ती घरात नव्हती. चार ठोके टाकले असते तर काम संपलं असतं, कुणाला कळलंही नसतं. शालिकराम हात वर करून उभा राहिला. मग त्यानं स्वतःला एक शिवी घातली, खिळे दातातून काढले आणि हातोडा बंडीच्या चाकामागं ठेवून दिला.

तिकडं रात्रभराच्या आरामानं धामण ताजीतवानी झाली होती. तिनं बारदाना बाहेर ढकलला आणि डोकं बाहेर काढलं. शालिकरामनं डोकं आत लोटलं, बारदाना पुन्हा कोंबला. तिनं तो पुन्हा ढकलला. त्यानं लाकडाची ढलपी लावली, ती उतारावरून घसरली. दुसऱ्या कशात ठेवावी, तर बरण्या धुऊन, वाळवून, ओळीनं लावून ठेवलेल्या, खोळी उशांना चढवलेल्या. त्यांना हात लावायची बंदी. दोरीनं पट्टी आवळावी, तर खांब आणि फळी यांच्यात दोरी ओवायलाच जागा नव्हती. तिथं तेवढं त्याचं काम पक्कं झालं होतं. वरच्या खणांत एक तस्कर आणि एक कवड्या होता. ते दोघं शहाण्या भाडेकरूंसारखे पडून होते. ही एकटी बाई घर सोडायला निघालेली.

शेवटी शालिकराम मांडणीच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसला आणि त्यानं फटीला पाठ लावली.

फट बरोबर पाठीच्या उंचीवर होती, पण पाठ एक आणि फट दीड पाठीची. धामण पुढून नाक काढायला लागली की त्यानं पुढं सरकायचं, मागून काढायला लागली की मागं सरकायचं. उठायची सोय नाही. सकाळची न्याहारी राहिली, चहा राहिला. जऊळक्याचा नामी सर्पमित्र पाठीनं साप अडवून बसला होता, आणि साप त्याच्या पाठीला मधून मधून नाकानं ठोसे मारत होता.

तेवढ्यात देवमनची बायको रंजीता आणि तिच्यासोबत आळीतल्या बाया ताटं घेऊन छपरीत आल्या. गावात बातमी पसरली होती की शालिकभाऊनं नागासाठी देऊळ बांधलं.

"देऊळ नाही वो, मांडणी हाय," शालिकराम बसल्या जागेवरून म्हणाला. "आन नाग नाही, धामन हाय."

"असू द्या भाऊजी," रंजीता म्हणाली. "सोयरीच त हाय नं नागाची. तुमी उठा, आमाले पुजू द्या."

"मले उठता येत नाही."

"काहून?"

काहून ते सांगितलं असतं तर बायांची पळापळ झाली असती. "व्रत हाय," शालिकराम म्हणाला.

बायांनी मग त्याचा नाद सोडला. मांडणीला हळद-कुंकू वाहिलं, लाह्या उधळल्या, आणि मांडणीला टेकून बसलेला माणूसही तिचाच भाग असावा अशा हिशेबानं त्यालाही कुंकू लावलं. लाह्या डोक्यात गेल्या. दुधाची वाटी त्याच्यासमोर ठेवली. बाया गेल्यावर शालिकरामनं इकडंतिकडं पाहिलं. दूध सापाला पचत नाही, हे तर तोच सांगायचा. ते त्यानं पिऊन टाकलं.

आणि वाटी तोंडाला असतानाच छपरीच्या तोंडाशी तुळसाबाई उभी राहिली.

हिरवं लुगडं, हातात पिशवी, प्रवासानं चेहरा सुकलेला. तिनं पिशवी खाली ठेवली नाही. आधी तिनं मांडणी पाहिली, खालून वर. पाहताना तिची मान आपोआप वाकडी होत गेली. मग तिनं नवरा पाहिला, कपाळावरचं कुंकू, केसांतल्या लाह्या, मिशीला लागलेलं दूध.

"हे काय हाय?"

"मांडनी हाय," शालिकराम म्हणाला. "तू म्हणली होती नं."

"मांडनीचं नाही इचारून राह्यली. तुमी काय होऊन बसले?"

शालिकरामला आणखी काही खोटं सुचेना. "मागं फट हाय," तो म्हणाला. "धामन भाईर निंघून राह्यली. मी उठलो का ते उठते."

तुळसाबाई एक पाऊल मागं सरली. बाजूला तयार पडलेल्या पट्टीकडं आणि खिळ्यांकडं तिची नजर गेली. "हे काय, पट्टी त तयार हाय. ठोकली काहून नाही?"

"आज पंचमी हाय."

"आन तुमी कधीपासून पंचमी मानून राह्यले?"

"मी कुठं मानतो?" शालिकराम म्हणाला. "तू मानतं."

तिनं पिशवी खाली ठेवली. मग ती जवळ आली, जरा लांबूनच वाकली आणि डाव्या बाजूची ती फट तिनं नीट पाहिली, वरच्या खणांवरच्या पट्ट्या पाहिल्या, खांबांवरच्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या.

"मापलं कायनं?"

"वितीनं. दोन्ही हातानं. इकडून हा, तिकडून हा."

"हात जोडा."

शालिकरामला वाटलं, माफी मागायला लावते आहे. मागायला त्याची ना नव्हती. त्यानं चटकन हात जोडले आणि मान खाली घातली.

"तसे नाही वो. बोटं फाकवा. वीत फाकवून जोडा."

त्यानं दोन्ही हातांची वीत पसरली आणि अंगठ्याला अंगठा लावला. डाव्या हाताची करंगळी पुढं निघून गेली. उजव्या हाताची, ती वाळल्या शेंगेसारखी आत वळलेली, मागं राहिली, दोन बोटं मागं. तुळसाबाईनं आपली दोन बोटं त्या मधल्या जागेत ठेवली. मग तीच बोटं तिनं तशीच उचलून नेली आणि शालिकरामच्या पाठीशेजारी, उघड्या राहिलेल्या फटीत धरली. बरोबर मावली.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "घोणशीनं नेलं तेवढंच हाय हे."

शालिकराम आपल्या हाताकडं पाहत राहिला. जमीन उकरली, विटा घातल्या, फळ्यांना दोष दिला, मेलेल्या बापाच्या बैलांना दोष दिला. "च्या मायले," तो हळूच म्हणाला. "वाकडा त मीच निंघालो." आणि नेहमीसारखा हसायला गेला.

पण तुळसाबाई हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"त्या धामनीले भेऊन नाही गेली मी," ती म्हणाली. "फोन वाजला का तुमी पळता. मंग तुमी येईस्तोवर मी दाराकडं पाहत बसतो. कोनी जोरानं हाक मारली त माया जीव जाते. त्या दिवशी बादलीतून ते निंघाली, तवा मले ते दवाखान्याची ओसरीच दिसली, अंजूचे बाबा. आन तुमी त्या गोष्टीवर लोकायले हसवता."

शालिकराम यावरही काहीतरी बोलला असता. जिभेवर आलं होतं. पण त्यानं गिळलं.

"तुयाबिगर करमत नाही वं मले," तो म्हणाला. "खिचडी खाऊन राह्यलो रोज."

धामणीनं मागच्या अंगाला नाक काढलं. शालिकराम मागं सरकला, तर तिनं पुढं काढलं. तो पुढं सरकला. तुळसाबाई त्याची ही सरकासरकी थोडा वेळ पाहत उभी राहिली.

"असं कधीलोक करसान?"

"दिवस मावळेस्तोवर. मंग ठोकता येते."

तिनं लुगड्याचा पदर खोचला. "सरका तिकडं," ती म्हणाली.

आणि ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि उरलेल्या फटीला तिनं पाठ लावली. दीड पाठीची फट दोन पाठींनी बंद झाली. आतून धामणीनं तिच्या पाठीला एक ठोसा दिला. तुळसाबाईनं डोळे गच्च मिटले आणि जो हाताला लागला तो शालिकरामचा हात धरला. तो उजवा होता. तिनं त्याची ती वळलेली बोटं मुठीत घेतली आणि सोडली नाहीत.

थोड्या वेळानं धामणही आत निवांत झाली. तुळसाबाईनं दुसऱ्या हातानं पिशवी ओढली, भावाकडून आणलेला डबा उघडला आणि त्याला एक वाफवलेला कानोला दिला. तो खाताना तिनं त्याच्या केसांतल्या लाह्या वेचून काढल्या. उद्या देवमनला बोलवायचं आणि त्याच्या टेपनं सगळं सरळ करून घ्यायचं, असं तिनं ठरवून टाकलं. शालिकरामनं तोंडात कानोला असल्यामुळं नुसती मान हलवली.

उन्हं छपरीच्या टिनावरून खाली उतरली. फाट्याकडून हॉर्न ऐकू आला. संध्याकाळची येष्टी. शालिकरामनं तिच्या पिशवीकडं पाहिलं. हॉर्न आणखी एकदा वाजला, मग गाडी निघाल्याचा आवाज आला आणि तो टेशनाच्या अंगानं दूर दूर गेला.

"अंजूची माय," तो भीत भीत म्हणाला, "येष्टी गेली वं."

"मले कान हायेत," तुळसाबाई म्हणाली. "सीधे बसा. तुमच्या कडून फट पडून राह्यली."